पाळी जाऊन सहा वर्षं, आणि परकरावर डाग: इंदूरमधलं एक प्रकरण

हे प्रकरण इंदूरमधल्या एका मराठी घरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून वस्ती, नातलगांचे व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. ज्यांची ही हकिगत आहे त्या काकूंनी "लिही, पण नाव नको" असं सांगून परवानगी दिली. मी डॉक्टर नाही. स्त्री-आरोग्य समुपदेशनाचं काम करते. या घराशी माझा संबंध आला तो काकूंच्या सुनेच्या फोनमुळे. तोवर पहिल्या डागाला सहा महिने उलटून गेले होते.

ते सहा महिने कसे गेले, हेच मला मुख्यतः मांडायचं आहे. या काळात घरात कोणी बेफिकीर नव्हतं. प्रत्येकाने काही ना काही केलं, आणि प्रत्येकाकडे त्या रक्ताचं पटण्यासारखं एक कारण होतं.

पार्श्वभूमी

काकू ५९ वर्षांच्या. माहेर ग्वाल्हेरचं, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला आता तीन तपं झाली. घरी काका, मुलगा, सून आणि नातू, मुलगी पुण्याला. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी चालू, वजन ऐंशीच्या पुढे. काही वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता, तेव्हापासून रोज रक्त पातळ ठेवण्याची एक गोळी. पाळी ५३व्या वर्षी गेली. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते, तेव्हा काकूंची उशिराच गेली म्हणायची. त्यांना त्याचं कौतुकच होतं.

वैद्यकीय नजरेने पाहिलं तर या परिच्छेदातल्या तीन गोष्टींनी कान टवकारायला हवेत: वजन, मधुमेह आणि उशिरा गेलेली पाळी. पाळी थांबली की अंडाशयातून इस्ट्रोजेन येणं जवळजवळ बंद होतं, पण शरीरातली चरबी ते थोडंथोडं बनवत राहते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला हे इस्ट्रोजेन वाढवतं. पाळी चालू असताना प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं संप्रेरक त्या वाढीला आवर घालतं आणि दर महिन्याला अस्तर गळून जातं. पाळी गेल्यावर तो आवर उरत नाही. शेताला खत पडत राहावं आणि कापणी कधी होऊच नये, तसं हे होतं. अस्तर जाड होत जातं आणि काही स्त्रियांमध्ये त्यातल्या पेशी बिघडतात.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवते, कारण पुढे ती नडली. दोन वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या शिबिरात काकूंनी पॅप स्मिअर करून घेतली होती. रिपोर्ट चांगला आला होता. "माझी खालची कॅन्सरची तपासणी झालेली आहे," असं त्या ठामपणे सांगत.

काय घडत होतं

पहिला डाग चैत्रात दिसला. घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, डाळ-पन्ह्याची गडबड होती. रात्री कपडे बदलताना परकरावर रुपयाएवढा तपकिरी डाग. काकूंना मूळव्याधीचा जुना त्रास, त्यामुळे त्यांनी मनाशी हिशेब जुळवला आणि परकर धुऊन टाकला.

वैशाखात पुन्हा. या वेळी रंग लाल आणि तीन दिवस. इंदूरचा उन्हाळा, तेव्हा 'उष्णता झाली' हे उत्तर तयारच होतं. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद सुरू झालं. चौथ्या दिवशी डाग थांबला आणि श्रेय गुलकंदाला गेलं. खरं तर असा रक्तस्राव आपोआप येतो आणि आपोआप थांबतो. थांबला म्हणजे बरा झाला असं त्यात काहीच नसतं, पण प्रत्येक थांबण्याने शेवटी केलेल्या उपायावरचा विश्वास वाढत जातो.

आषाढात जरा जास्त गेलं. काकू स्वतः कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेल्या. "भैया, ब्लीडिंग बंद होने की गोली दे दो, बहू के लिए," असं सुनेचं नाव पुढे करून त्यांनी गोळ्या आणल्या. या वयात आपल्याला रक्त जातंय हे दुकानदारासमोर म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं. मिळाल्या त्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या. रक्ताची गुठळी विरघळू न देणं हे त्या औषधाचं काम. ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे किंवा पूर्वी गुठळी झालेली आहे, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. म्हणजे सकाळी रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि संध्याकाळी गुठळी टिकवणारी, असं चार दिवस चाललं. दुकानदाराने विचारलं असतं तरी त्याला उत्तर मिळालं असतं ते सुनेच्या वयाचं.

श्रावणात लघवीला आग होऊ लागली, म्हणून काका त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काका शेजारीच बसलेले. काकूंनी सांगितलं, "लघवीला जळजळ होते आणि थोडं लालसर वाटतं." लघवीच्या तपासणीत लाल पेशी आल्या. त्या योनीमार्गातून मिसळलेल्या असू शकतात, पण ५९ वर्षांच्या मधुमेही बाईच्या बाबतीत मूत्रमार्गाचा संसर्ग हे निदान कोणालाही पटावं असंच होतं. पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं. शिवाय डॉक्टर म्हणाले की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यानेही थोडंफार दिसू शकतं. तेही खोटं नाही. पण त्या गोळीने रक्त सहज वाहतं म्हणून ते कुठून वाहतंय याचा शोध टळत नाही. उलट कित्येकदा आत लपलेली गोष्ट त्या गोळीमुळेच लवकर दिसते.

मूळव्याध, उष्णता, लघवीचा संसर्ग, पातळ रक्त. चार कारणं झाली. 'पाळी कधी गेली आणि त्यानंतर कधी रक्त दिसलं का?' हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता.

लक्षात कसं आलं

सुनेच्या लक्षात आलं ते महालक्ष्म्यांच्या दिवशी. ज्येष्ठा गौरींचा स्वयंपाक काकूंचा, सोवळं त्यांचं, मुखवट्यांना हात त्यांचाच. त्या वर्षी त्यांनी "कंबर धरली आहे, तूच बस पूजेला" म्हणून सुनेला पुढे केलं आणि स्वतः देवघराच्या उंबऱ्याबाहेरून सूचना देत राहिल्या. कंबर धरलेली बाई दिवसभर उभी होती, भांडी घासत होती, फक्त देवाजवळ येत नव्हती. सुनेला शंका आली, पण तिने ती गिळली. सासूला असं कसं विचारायचं?

मग घटस्थापनेच्या आधी दुधाचा हिशेब करताना तिने भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. त्यांच्या घरी ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली मारतात. गवळ्याच्या आणि घरच्या खाड्यांचा मेळ बसेना. नीट पाहिलं तेव्हा कळलं की फुल्या दोन प्रकारच्या आहेत. दुधाच्या निळ्या पेनाने, चौकटीच्या मधोमध. आणि बारीक, पेन्सिलीच्या, कोपऱ्यात. तिने मागची पानं उलटली. चैत्रात एक. वैशाखात तीन लागोपाठ. आषाढात पाच. महालक्ष्म्यांच्या आवाहनावर एक आणि पूजनावर एक. काकू तरुणपणी पाळीची तारीख अशीच लिहून ठेवत असत, आणि हात आपल्या सवयीने तेच करत होता.

सुनेने त्या रात्री सासूच्या पायाला तेल चोळता चोळता विचारलं, "आई, कोपऱ्यातल्या फुल्या तुमच्या ना?" काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "यांना सांगू नकोस. या वयात हे काय लाजिरवाणं."

सुनेचं इथे मला फार मोल वाटतं. तिने सासूला रागावलं नाही, घाबरवलं नाही, नवऱ्यालाही लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती काकूंना घेऊन सोनोग्राफीला गेली. चिठ्ठी नेहमीच्या डॉक्टरांकडून घेतली होती, त्यावर 'ओटीपोटात दुखणे' एवढंच लिहिलेलं. त्यामुळे तपासणी झाली ती पोटावरून. रिपोर्टमध्ये अंडाशय व्यवस्थित, गर्भाशय वयाला साजेसं आणि एका ओळीत: अस्तराची जाडी ११ मिलिमीटर. शेवटी 'लक्षणांशी पडताळून पाहावे' अशी छापील सूचना. गाठ नाही, कॅन्सर हा शब्द नाही, म्हणून घर निश्चिंत झालं. सून झाली नाही. तिने मला फोन केला आणि विचारलं, "ताई, ११ म्हणजे जास्त का हो?"

समोरचे पर्याय

हा आकडा एकटा वाचायचा नसतो. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिन्याच्या काही दिवसांत ११ मिलिमीटर असणं अगदी साधी गोष्ट आहे. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं असेल तर मात्र ४ मिलिमीटर ही रेघ धरतात. आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ किंवा त्याहून कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. तरीही रक्त पुन्हा पुन्हा येत राहिलं तर पातळ अस्तराचाही तुकडा तपासतात. चारच्या वर असेल तर तुकडा तपासायलाच हवा.

आणि हेही मी सुनेला त्याच फोनवर सांगितलं, कारण भीतीचा आकारही खरा असावा लागतो: पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या दर शंभर बायकांपैकी साधारण नऊ जणींनाच अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांत कोरडं पडून नाजूक झालेलं अस्तर, अस्तरावरचा मस्सा (पॉलिप), नुसती जाडी अशी कारणं असतात. पण उलट्या बाजूने पाहिलं तर अस्तराचा कॅन्सर असलेल्या शंभरातल्या सुमारे नव्वद जणींना रक्त हेच लक्षण असतं. म्हणजे शरीर बहुतेक वेळा वेळेवर सांगतं. एका डागावरून सांगतं.

घरात आता चार मतं झाली. काकूंचं मत थांबण्याचं: दसरा होऊ दे, दिवाळी होऊ दे. काकांचं मत, पॅप तर चांगली आली होती. मुलाने ओळखीच्या एका नर्सिंग होममध्ये विचारलं, तिथे उत्तर मिळालं की या वयात पिशवीचं काय काम, काढून टाका, परवा भरती व्हा. मुलीने पुण्याहून फोनवर सांगितलं की आधी तुकडा तपासा.

पॅपचा गैरसमज आधी दूर करावा लागला. ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची. आतल्या अस्तराचा कॅन्सर शोधण्यासाठी ती नसतेच. शिबिरांबद्दल माझी हीच तक्रार आहे: बाई घरी जाताना 'खालचं सगळं तपासलं' असं समजून जाते, आणि तपासलं काय नाही हे तिला कोणी सांगत नाही. अर्थात शिबिरं हवीतच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या जेमतेम २ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी करून घेतलेली आढळली. त्या थोड्यांमध्ये काकू होत्या, हे त्यांच्या जागरूकतेचंच लक्षण.

खरा पेच होता तो मुलाच्या पर्यायाचा, कारण तो सोपा वाटत होता. एकदा काढून टाकलं की कटकट संपली. यात दोन्हीकडून धोका होता. अस्तरात फक्त मस्सा निघाला असता, तर दुर्बिणीतून तो काढून भागलं असतं. मधुमेही, हृदयाच्या रुग्ण बाईवर मोठी शस्त्रक्रिया विनाकारण झाली असती. आणि कॅन्सर असेल, तर नुसती पिशवी काढून भागत नाही. नळ्या आणि अंडाशयही काढावे लागतात, लसिकाग्रंथींचा विचार करावा लागतो, आजार कुठवर गेलाय हे आधी एमआरआयने पाहावं लागतं, आणि गर्भाशयाचे आत तुकडे न करता ते अखंड बाहेर काढावं लागतं. निदान न करता केलेली शस्त्रक्रिया मग अपुरी ठरते आणि दुसऱ्यांदा पोट उघडायची वेळ येऊ शकते. 'पिशवी काढून टाका' हा सल्ला आपल्याकडे किती सहज दिला जातो, हे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड मजूर बायकांच्या बातम्यांनी सगळ्या देशाला दिसलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांच्या याचिकेवर निकाल देताना राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. तेव्हा 'आधी निदान, मग शस्त्रक्रिया' हा क्रम बदलायची घाई कोणी करत असेल तर थांबून कारण विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकूंची स्वतःची भीती वेगळीच होती. "तुकडा काढला की तो पसरतो म्हणतात." त्यांच्या भजनी मंडळात कोणाच्या तरी बाबतीत तपासणीनंतर आजार बळावला होता. अस्तराचा तुकडा घेतल्याने कॅन्सर बळावत नाही. त्या बाईचा आजार तपासणीच्या आधीच पुढे गेलेला असणार, हे मी त्यांना सांगितलं. डॉक्टरांनीही तेच शांतपणे सांगितलं, तेव्हा त्यांना पटलं.

प्रत्यक्षात काय केलं

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात काकू स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेल्या. जाण्याआधी आम्ही तिघींनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. पहिली ओळ: "पाळी जाऊन सहा वर्षं झाली, चैत्रापासून पाच वेळा रक्त दिसलं." खाली कालनिर्णयातल्या तारखा, चालू गोळ्यांची यादी आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांचं नाव. सोबत सून आत जाईल आणि काका बाहेर बसतील, हेही आधीच ठरवलं. श्रावणातल्या भेटीत आणि या भेटीत फरक पडला तो या दोन गोष्टींमुळे.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि आधी उपकरण लावून आतून पाहिलं. रक्त गर्भाशयाच्या तोंडातून येत होतं. मूळव्याधीचा किंवा लघवीचा संबंध नाही हे दोन मिनिटांत कळलं. ही तपासणी आधीच्या सहा महिन्यांत एकदाही झाली नव्हती. मग आतून सोनोग्राफी झाली, जाडी १३ मिलिमीटर भरली. बारीक नळीने तुकडा घ्यायचा प्रयत्न त्याच दिवशी झाला, पण वयामुळे गर्भाशयाचं तोंड आवळलेलं होतं, नळी आत जाईना. काकूंना कळ लागली, डॉक्टर थांबल्या. चार दिवसांनी थोडी भूल देऊन, दुर्बिणीने पाहून तुकडा घेतला.

या अपयशी प्रयत्नानंतर घर पुन्हा डळमळलं. "झालं ना करून? आता राहू दे," असं काका म्हणाले. पुष्कळ घरांत गाडी इथेच थांबते. तपासणी जमली नाही याचा अर्थ तपासणी चांगली आली असा होत नाही, हे सुनेने त्यांना समजावलं.

रिपोर्ट आणि घरातला पेच

रिपोर्ट मुलाच्या हातात आला. अस्तराचा कॅन्सर, पेशी सौम्य प्रतीच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या. त्याने पहिला फोन मला केला: "आईला सांगायचं नाही. गाठ आहे, काढायची आहे, एवढंच सांगू. तिचं हृदय कमजोर आहे." मुलीचंही तेच म्हणणं पडलं.

मी एवढंच म्हटलं की मोठ्या शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही काकूंची असणार, तेव्हा त्यांना कळायला हवं. शिवाय पुढे वर्षानुवर्षं तपासण्या असतील, खोटं किती दिवस पुरवायचं? पण निर्णय घरच्यांनी घ्यायचा होता. दोन दिवस कुजबुज चालली. तो पेच काकूंनीच सोडवला. डॉक्टरांसमोर खुर्चीत बसताच त्या म्हणाल्या, "हे सगळे तीन दिवस माझ्याशी गोड बोलताहेत. माझ्या अंगातलं मलाच सांगायचं नाही, तर मग सांगायचं कोणाला?" डॉक्टरांनी सांगितलं. काकू थोडा वेळ पदर मुठीत धरून बसल्या आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो कोणाच्याही यादीत नव्हता: "माझ्या मुलीला होईल का?"

निष्पत्ती

एमआरआयमध्ये आजार गर्भाशयातच दिसला. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळीबाबत सूचना दिल्या, साखर आटोक्यात आणायला दोन आठवडे घेतले. भाऊबीज झाल्यावर लगेच, कॅन्सरची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या शल्यविशारदांनी दुर्बिणीतून गर्भाशय, नळ्या आणि अंडाशय काढले, पहिल्या लसिकाग्रंथी तपासल्या. तिसऱ्या दिवशी काकू घरी आल्या. अंतिम रिपोर्ट पहिल्या टप्प्याचा होता: आजार स्नायूच्या अर्ध्या जाडीच्या आत, ग्रंथी स्वच्छ. किरणांची गरज पडली नाही. या टप्प्यावर सापडलेल्या दहापैकी नऊहून अधिक बायका पाच वर्षांनंतरही हयात असतात. आता दर काही महिन्यांनी तपासणी आहे. रक्त, ओटीपोटात नवं दुखणं किंवा पायाला सूज यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट न पाहता यायचं, असं त्यांना लिहून दिलं आहे.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आणखी एक गोष्ट पुढे आली. काकूंच्या गाठीवर आनुवंशिक दोषाची प्राथमिक चाचणी केली, तसा दोष दिसला नाही. पण मुलगी ३४ वर्षांची, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, पाळी तीन-चार महिन्यांनी येते आणि तिला ते सोयीचं वाटत होतं. जे काकूंच्या बाबतीत पाळी गेल्यावर झालं, तेच पाळी महिनोन् महिने न आल्याने तरुण वयातही होऊ शकतं. अस्तर वाढतं आणि गळत नाही. पुण्यात तिला आता अस्तर वेळच्या वेळी गळावं म्हणून औषध सुरू झालं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सहा महिने गेले तरी आजार पहिल्याच टप्प्यात सापडला. पेशी सौम्य होत्या म्हणून. त्या उग्र असत्या तर हीच हकिगत वेगळी झाली असती, म्हणून चांगल्या शेवटावरून या उशिराला माफी देऊ नये.

माझ्या मते सगळ्यात मोठा वळणबिंदू श्रावणातली ती डॉक्टरभेट. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारायला हवं होतं, हे खरंच. पण काका शेजारी असताना काकूंनी उत्तर दिलं असतं का, याची मला शंका आहे. बाईला दोन मिनिटं एकटीला विचारणं, किंवा सोबत दुसरी बाई असणं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. काकांना बाहेर बसवण्यात त्यांचा अपमान काहीच नव्हता; नंतर त्यांनीच ते बोलून दाखवलं.

दुसरा, सोनोग्राफीची चिठ्ठी. तिच्यावर 'पाळी गेल्यानंतर रक्तस्राव' एवढे शब्द असते तर बहुधा आतून सोनोग्राफी पहिल्याच दिवशी झाली असती आणि रिपोर्टची शेवटची ओळ वेगळी असती. चिठ्ठी घेतानाच आपली मुख्य तक्रार तिच्यावर आहे का, हे वाचून घ्यावं.

रक्त नेमकं कुठून येतंय अशी शंका असेल तर घरी एक साधी गोष्ट करता येते. स्वच्छ पांढरा पॅड लावून ठेवावा आणि लघवी व शौचानंतर वेगवेगळ्या कापसाने पुसून पाहावं. पॅडवर मधल्या वेळात डाग आला तर मूळव्याधीवर भरवसा ठेवू नये. अर्थात यावर निदान करायचं नाही, डॉक्टरांना सांगायला उपयोग होतो एवढंच.

महालक्ष्म्या ते घटस्थापना हे तीन आठवडे सून गप्प राहिली, याचा दोष मी तिला देणार नाही. आपल्या घरांत सोवळ्या-ओवळ्याने बाई बाजूला बसते, पण का बसली हे विचारायची रीत नाही. ती रीत पाडायला हवी.

इतर कोणत्या तक्रारींवर थांबू नये

काकूंची हकिगत कळल्यावर त्यांच्या भजनी मंडळातल्या बायकांनी मला बोलावलं. तिथे निघालेल्या प्रश्नांतून जे सांगितलं ते इथे थोडक्यात देते.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतो आणि असं लागोपाठ दोन-तीन तास चालतं, किंवा चक्कर येते, तर त्याच दिवशी दवाखाना. पाळी चुकलेली, एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ, घेरी, कधी खांद्यात दुखणं: गर्भ नळीत राहिला असू शकतो आणि आत रक्त साचत असतं. तिथे तासांचाच हिशेब असतो, रात्र असली तरी निघायचं. इंदूरमध्ये एम. वाय. रुग्णालयासारख्या सरकारी जागी त्यासाठी चोवीस तास जाता येतं. ताप, ओटीपोटात दुखणं आणि दुर्गंधी स्राव एकत्र आले तरी थांबू नये.

संबंधानंतर रक्त दिसणं आणि दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणं, या दोन गोष्टी बायका सर्वांत जास्त दडवतात. यात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी लवकर व्हायला हवी, आधीची पॅप चांगली असली तरी. आणि पन्नाशीनंतर पोट फुगल्यासारखं राहणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवीला लागणं हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर ते गॅसवर ढकलू नये. अंडाशयाची तपासणी मागून घ्यावी.

त्या बैठकीनंतर एक आजी मागे रेंगाळल्या. दोन वर्षांपासून खाली खाज, कातडी पांढरी पडलेली, कैलास जीवन लावून लावून थकलेल्या. त्यांना त्वचेचा लायकेन स्क्लेरोसस निघाला. तो कॅन्सर नाही, पण त्या जागेवर लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने महिनाभरात त्यांची रात्रीची झोप परत आली, आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठरली आहे.